बाबा, पाय वर घ्या

अल्प भाड्याचे सरकारी घर अमरावतीत मिळावे, याकरिता मी अर्ज केला होता. परंतु कुटुंबात कोणाच्याही नावे घर असल्यास अर्ज बाद होत असे, आणि माझ्या वडिलांच्या नावे नांदगाव खंडेश्वरला दोन खोल्या होत्या.

"सांगून दे, बाप मेला म्हणून," वडील हसत बोलले. "मी काय खरंच मरून राहिलो?"

मी कार्यालयात तसे सांगितले.

पाहणीचे साहेब न कळवता घरी आले, तेव्हा वडील दारातल्या खुर्चीत चहा पीत बसले होते. साहेबांनी थेट खुर्चीकडे पाहिले आणि विचारले, "घरात तुम्ही, बायको अन् पोरगी. चौथं कोणी नाही ना?"

"कोणी नाही," मी उत्तरलो.

वडिलांनी कप हळूच खाली ठेवला.

साहेब बाहेर पडताच माझी पत्नी संध्या झाडू लागली. "बाबा, पाय वर घ्या," असे ती रोज न चुकता म्हणत असे. आज ती काहीच बोलली नाही. तिचा झाडू वडिलांच्या पावलांना न अडखळता खुर्चीखालून पलीकडे गेला.

वडील माझ्याकडे पाहू लागले.

"संघपाल, तिले सांग ना बापा, मी हाओ म्हणून."

मी सांगण्याकरिता तोंड उघडले. परंतु साहेबांची गाडी सुरू होत नव्हती. ते अजून फाटकापाशीच किक मारीत उभे होते.

मी तोंड मिटले.