पुन्हा तेच उत्तर

"ताई, तोच प्रश्न दोनदा विचारायचा," तपासनीस मुजावर शर्वरीला समजावत होते. "मध्ये आम्ही यजमानांच्या मनाच्या या प्रतिकृतीची इथल्या बोलण्यापुरती स्मृती कोरी करतो. उत्तर जुळलं, तर त्यांना घरी न्या. नाही जुळलं, तर प्रतिकृती बिघडलेली समजून पुसावी लागते."

शर्वरीनं मांडीवरच्या लेकीला थोपटलं. हिला न बघताच निषाद वारला होता.

"निषाद, हिचं नाव काय ठेवू?"

"मैथिली ठेव. आणि टोपडं घाल तिला, गार वारं आहे," यंत्रातून आवाज आला.

मुजावरांनी स्मृती कोरी करून प्रतिकृती पुन्हा सुरू केली. शर्वरीनं तेच विचारलं.

"अगं, आत्ताच तर सांगितलं! विसरभोळी ती विसरभोळीच."

मुजावर पांढरेफटक पडले. "याला हे आठवायलाच नको होतं." त्यांचा हात पुसायच्या बटणाकडे गेला.

"दादा, एकदाच अजून!" शर्वरीनं त्यांचं मनगट धरलं आणि माइकपाशी वाकून ती कुजबुजली, "निषाद, पहिल्यांदा बोललास तेच बोल रे. नाहीतर हे तुला पुसतील."

मुजावरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा सगळं कोरं झालं, पुन्हा तोच प्रश्न.

उत्तर अक्षरन् अक्षर जुळलं. यंत्रानं हिरवा दिवा लावला. त्या आवाजातला कंप मात्र एकट्या शर्वरीला कळला. एकदा मेलेला तिचा निषाद आता मरणाला घाबरत होता.