राजनंदिनीच्या आजोबांची राख

"राजनंदिनी खोटी न्हाई," बजरंग म्हणाला आणि समोरचा चहा त्यानं बाजूला सारला.

सकाळपासून त्याचा हाच धोशा चालला होता. बजरंग मूळ गेवराईचा, सैन्याच्या दारूगोळ्याच्या डेपोत भांडारपाल. रजेवर गावी निघाला आणि बीडच्या स्टँडवरच उचलला गेला. राजनंदिनी नावाची कुणी पोरगी फोनवर रोज त्याच्याशी गोड बोलायची आणि हा बहाद्दर तिला डेपोतल्या कागदांचे फोटो पाठवायचा. पोरगी कसली डोंबलाची! सरहद्दीपलीकडच्या हेरांनी पेरलेलं सोंग होतं ते.

तपास अधिकारी बंकटराव पार वैतागले होते. "मॅडम, आता तुम्हीच बघा याच्याकडं," म्हणत ते फोन कानाला लावून विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गेले.

मॅडम म्हणजे रोहिणी. तिचं काम वाचायचं. संशयिताचे मेसेज वाचायचे, फोन ऐकायचे, तारखा जुळवायच्या, कोण खरं नि कोण खोटं ते ताडायचं आणि तपासवाल्यांना लिहून द्यायचं. नऊ महिने ती दिल्लीतल्या एका खोलीत बसून बजरंगला वाचत होती. त्याला पित्ताचा त्रास, आई गेल्यापासून तो एकटाच जेवतो, सोयरीक तीनदा मोडली, सगळं तिला पाठ. स्वतःचं मात्र ती कुणाला काही सांगू शकत नव्हती. तिचं माहेर बीडातच, रिक्षानं दहा मिनिटांवर. आणि आज सकाळी आईचा फोन आला तर तिनं 'दिल्लीत आहे, ऑफिसात आहे' म्हणून ठोकून दिलं. आग लागो असल्या नोकरीला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

या येड्याला मात्र तिला वाचवायचं होतं. फसून पाठवलं असेल तर थोडक्यात सुटला असता. जाणूनबुजून पाठवलं असेल तर चौदा वर्षं. बजरंगला काही ठाऊक नव्हतं, असं तिनं अहवालात लिहूनही ठेवलं होतं. त्याच्या तोंडून तेवढं आलं की झालं.

तिनं फाईल उघडली. "बजरंग, ती काय म्हणायची? आम्ही बीडचे लिंगायत वाणी, असंच ना?"

"व्हय."

"आणि अकरा मार्चला तिचे आजोबा गेले. राख सावडली, अस्थी गोदावरीत सोडल्या, असं तिनं सांगितलं."

"लई रडली त्या दिशी."

"अहो, मी लिंगायत आहे. आमच्यात जाळत नाहीत, माणसाला बसवून माती देतात. राख येणार कुठून? त्या लोकांनी गावं पाठ केली, बोली पाठ केली, एवढं एक कुणी त्यांना सांगितलं नाही. पण तुम्हाला तरी काय माहीत म्हणा! 'मला ठाऊक नव्हतं', एवढं साहेब आले की सांगा. बस्स."

बजरंगनं मघाशी सारलेला चहाचा कप पुन्हा पुढं ओढला.

"ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"आमच्या शेजारी ईश्वरप्पा वाणी व्हते. त्यांच्या मातीला मी गेलतो. खड्डाबी मीच खांदला. दुकानात गादीवर बसायचे तसंच बसवलं त्यास्नी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "अकरा मार्चलाच कळलं, ही लबाड हाय. दोन रोज मोबाईल बंद ठेवला. तिसऱ्या रोजी लावला तर तिचा मेसेज, जेवलास का. बाकी कुणाचाच न्हाई."

"आणि तरी तुम्ही पाठवत राहिलात?"

"न्हाई दिलं की बोलायची न्हाई वो ती. तिला खोटी म्हणलं तर माझ्याजवळ ऱ्हातं काय?"

रोहिणीनं फाईलीतल्या तारखा पुन्हा चाळल्या. मार्चच्या आधी त्यानं पाठवलं होतं ते किरकोळ, कँटीनचे नि गणवेशाचे फोटो. नकाशे गेले ते सगळे मार्चनंतर. करायला गेली काय आणि होऊन बसलं काय!

बंकटराव आत आले. "काय म्हणतोय?"

दुसरं कुणी ऐकलं नव्हतं. एक वाक्य गिळलं असतं तर माणूस सुटत होता. पण त्या डेपोत आणखी चारशे माणसं कामाला होती.

"मार्चपासून त्याला माहीत होतं, सर."

"असं म्हणतो? लिहून घ्या." बंकटरावांचा सगळा शीण उतरला.

बजरंग रागावला नाही. ती लिहू लागली तसा तो कागदाकडं वाकला. मग म्हणाला, "मॅडम, ती खोटी हाय, हे तुमाला कवा कळलं?"

रोहिणीनं पेन खाली ठेवलं. अस्थींचा मेसेज वाचला त्याच संध्याकाळी तिनं वर कळवलं होतं. 'दोर सैल सोडा, कुठवर जातो बघू,' असं वरून उत्तर आलं होतं.

"त्याच दिवशी," ती म्हणाली.

"अकरा मार्चला?"

"हो."

"अन् रोज वाचत व्हता?"

"रोज."

"मग एक फोन कावून न्हाई केला वो?" बजरंग म्हणाला. "बंद कर म्हणून दोन शिव्या घातल्या असत्या, तरी मी ऐकलं असतं तुमचं."