खिडक्यांची मापं

"अगं, टेप तरी काढ," धाकटी बहीण म्हणाली.

थोरलीने गळ्यातल्या टेपला हातसुद्धा लावला नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि वहीत लिहून टाकलं. "अठ्ठेचाळीस रुंद, चोपन्न उंच. बावीस वर्षं शिवतेय मी. निम्म्या गावाचे पडदे माझ्या हातचे आहेत. खिडकी बघितली की माप कळतं."

खरं तर तिला लवकर सुटायचं होतं. धाकटीने हे घर घेतल्याला महिना झाला होता आणि महिनाभर थोरली काही ना काही कारण काढून यायचं टाळत होती. पण पडदे म्हटल्यावर सुटका नव्हती. गावात दुसरं शिवणारं होतंच कोण? आल्यापासून तिचा नुसता जळफळाट चालला होता. भिंतींचा नवा रंग, दाराची चकचकीत कडी, सगळं डोळ्यांत खुपत होतं. त्यातून धाकटीच्या कमरेचा तो जुडगा! घराला कुलपं तीन, पण किल्ल्या अशा खुळखुळत होत्या की बाईने धान्याचं गोदामच विकत घेतलं असावं.

"रस्त्याला फार लागून आहे," थोरली म्हणाली. "मळणी सुरू झाली की सगळा भुसा घरात येणार बघ."

"म्हणून तर पडदे लावायचेत."

"आणि दुपारचं ऊन?"

"त्यालाही पडदेच." धाकटी हसली. "ताई, कधीतरी चांगलं म्हण की गं."

"चांगलंच आहे. मी कुठं वाईट म्हणतेय?"

धाकटीचं लहानपणापासून हे असंच. न मागता मिळायचं. घर घेऊ म्हटलं की थोरलीचा नवरा दोन वर्षं 'एवढा हंगाम जाऊ दे' म्हणत राहिला. धाकटीच्या नवऱ्याने एका दुपारी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बंद केलं, घर बघितलं आणि संध्याकाळी सौदा पक्का करून आला. हे घर आपल्याला हवं होतं हे थोरलीने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आता ते धाकटीला कळावं, यापेक्षा मोठी नामुष्की तिला सुचत नव्हती. हेवा वाटतो तर वाटू दे, दिसायला नको, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

झोपायच्या खोलीचं मापही तिने उंबऱ्यातूनच सांगितलं. "छत्तीस, अठ्ठेचाळीस."

"थांब, तुझी परीक्षाच घेते." धाकटीने तिच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. खिडकीला लावली. छत्तीस, अठ्ठेचाळीस. पळत पुढच्या खोलीत गेली. तिथलंही बरोबर. "कमाल आहे बाई तुझी! सुताराने दोनदा मोजलं तरी चुकला होता."

थोरलीला बरं वाटलं. घर हिचं असेल, हात आपला आहे. त्या भरात तिची धार जरा उतरली.

"आता स्वयंपाकघर," धाकटी म्हणाली.

थोरली बोळातच उभी राहिली. त्या खोलीत तिला पाय ठेवायचा नव्हता. तिचा जीव जडला होता तो तिथेच. ओट्याशी उभं राहिलं की खिडकीतून थेट शेतं दिसायची, पार कालव्यापर्यंत. "तीस रुंद, छत्तीस उंच," तिने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं.

"भिंतीपलीकडचंही दिसतं वाटतं तुला," म्हणत धाकटी आत गेली. लगेच तिचा आनंदाने ओरडल्याचा आवाज आला. "चुकलीस! साठ आहे, साठ! मागच्या आठवड्यात गवंड्याने भिंत फोडून मोठी करून दिली. आधी एवढीशी तर होती..."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. थोरलीने डोकावून बघितलं. परसात काढून टाकलेली जुनी चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती आणि धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसून टेप लावत होती. आधी आडवी, मग उभी. तीस, छत्तीस.

ती आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं. "ताई, तू हे घर बघायला आली होतीस?"

थोरलीने मनातल्या मनात दोन-तीन थापा चाचपून बघितल्या. एकही टिकण्यातली नव्हती.

"तीनदा," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं? आम्ही नसतं घेतलं."

हेच थोरलीला ऐकायचं नव्हतं. धाकटीने टोमणा मारला असता तर परवडला असता. थोरलीही उलटा टोमणा मारून घरी गेली असती. पण ही खरं बोलत होती. हिने खरोखरच सोडलं असतं, हसत सोडलं असतं, आणि मग त्या मोठ्या मनाचाही थोरलीने जन्मभर हेवा केला असता.

तिने धाकटीच्या हातातून टेप घेतली. ओट्याशी जाऊन नव्या खिडकीला लावली, एकदा आणि मग खात्रीसाठी पुन्हा. बाहेर कापणी झालेली शेतं आता दुप्पट दिसत होती. तिने वहीतला तीस खोडला आणि साठ लिहिला.

"एवढा एक शिवायला घेते," ती म्हणाली. "बाकीचे गेल्या उन्हाळ्यातच शिवून ठेवलेत."