फोनवरून गाणारे अण्णा

मंडळी गीताची दुसरी ओळ गात होती, तेव्हा स्पीकरमधून अण्णांची पहिली ओळ आली.

आली ती खणखणीत, जशी पूर्वी पेटीमागून यायची. ढोलकीवर अमोलचा हात अडखळला. पुढच्या बाकावरच्या बायका पुन्हा पहिल्या ओळीकडे वळल्या, मागच्यांनी तिसरी धरली, आणि रोह्याच्या त्या छोट्या प्रार्थनामंदिरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ते प्रार्थनेसाठी मिटलेले नव्हते, हे फोनच्या टेबलाशी बसलेल्या नूतनला चांगलंच कळलं.

अण्णा तिचे वडील. मंडळीचं गायन त्यांनी उभं आयुष्य सांभाळलं होतं. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या घरून पूल ओलांडून इथं येणं बंद झालं. घरी अडकलेल्या अशा माणसांना उपासना मोबाईलवर दिसायची, पण इंटरनेटचा काही भरवसा नव्हता. म्हणून साउंडवाल्या आदेशने ही सोय करून दिली होती. एका नंबरवर साधा फोन लावायचा, की इथला आवाज कानात. म्हातारी माणसं म्हणाली, नुसतं ऐकून परकं वाटतं, आमचं ‘आमेन’ तरी तिकडे पोचू दे. पाळकसाहेबांना पाझर फुटला आणि सगळ्यांचे फोन स्पीकरला जोडले गेले. तेव्हापासून पेणच्या विमलबाईंचा कुकर प्रवचनात शिट्ट्या देतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण अण्णा ‘आमेन’वर थांबणाऱ्यातले नव्हते. ते गायचे.

आज तर रस्ता खोदताना कुणीतरी इंटरनेटची तारच तोडली होती. त्यामुळे झाडून सगळे फोनवर होते.

आदेश नूतनजवळ वाकला. सगळ्या वायरी त्याने पुन्हा एकदा तपासून पाहिल्या होत्या.

“ताई, आवाज जाऊन येईस्तवर गाणं पुढं गेलेलं असतं. अण्णांची चूक नाय. पण याला इलाज पण नाय.”

एवढं म्हणून त्याने तिच्यासमोरच्या मोबाईलवर अण्णांचं नाव दाखवलं. नावापुढचं बटण दाबलं, की इथलं सगळं त्यांना ऐकू जाईल, त्यांचं इकडे येणार नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही, असंही त्याने वर सांगितलं. बिचाऱ्याने धीर द्यायला म्हणूनच सांगितलं, पण नूतनला नेमकं तेच लागलं.

मागचे दोन रविवार असाच घोळ झाला होता. दोन्ही वेळा ती अण्णांना सांगायचं ठरवून घरी गेली आणि दोन्ही वेळा शब्द ओठांवरून मागं फिरले. आठवडाभर हा माणूस छताकडे बघत पडून असतो. शनिवारी मात्र दाढी करवून घेतो आणि रविवारी इस्त्रीचा सदरा मागतो. फोनवर तुम्हाला कोण बघतंय, असं आई म्हणाली तर तिच्यावर डाफरतो. अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमच्यामुळे गाणं मोडतं?

पुढचं गीत जाहीर झालं. पाळकसाहेबांनी एकदा टेबलाकडे पाहिलं. नूतनने बटण दाबलं आणि बापाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं तिला झालं.

गीत सुरळीत पार पडलं. त्याच्या पुढचंही पडलं.

उपासना संपल्यावर लोक टेबलापाशी येऊन सांगून गेले, आज छान झालं. अमोल म्हणाला, आज वाजवायला मजा आली. अण्णांचा आवाज मधेच कुठे गेला, हे मात्र एकानेही विचारलं नाही. नूतनला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. बटण आपणच दाबलंय, हे कळत असूनही आला.

पुलावरून परतताना तिने मनाशी पक्कं केलं, आज सांगायचंच. एक खोटं किती रविवार पुरणार?

अण्णा उशीला टेकून बसले होते. चेहरा उजळलेला होता. आई त्यांच्या सदऱ्याची बटणं काढायला बघत होती आणि ते तिला काढू देत नव्हते.

“कुणी काय म्हणालं काय गो?” त्यांनी नूतनला विचारलं.

“सगळे म्हणाले, आज छान झालं.” निदान हे तरी खरं होतं.

अण्णांनी मान डोलावली. “व्हणारच. मागल्या खेपांना मीच लय जोर लावत होतो. आज पयलं गाणं पण तसंच बिघडवलं मी. मंग म्हटलं, जरा हळू घेऊन बघू. तर सगळे कसे बराबर आले! सगळं कळतं मला फोनवर.”

मग अण्णांनी जरा चाचरतच विचारलं, “आता नीट बसलंय, तर फुडल्या रविवारी थोडा मोकळा आवाज लावू काय?”

नूतनने आईकडे पाहिलं. मग ती अण्णांपाशी बसली.

“लावा की, अण्णा,” ती म्हणाली. “चांगला मोकळा लावा.”