आवाज राखून ठेव

सकाळपासून आई एक शब्द बोलली नव्हती. उद्या तिचं स्वरयंत्र काढणार होते, आणि जो काही चिरका, फाटका आवाज उरला होता तो तिने संध्याकाळसाठी मागे ठेवला होता. नर्सला मानेनेच हो-नाही, जेवण आणणाऱ्या बाईला नुसता हात.

लेकीने एकच वाक्य मागितलं होतं. शाळेपासून लग्नापर्यंत रोज सकाळी स्वयंपाकघरातून यायची ती हाक: "ठमे, उठतेस की पाणी ओतू?" ते फोनवर घ्यायचं आणि त्याचाच गजर लावायचा. ठमी हे नाव कुठल्या कागदावर नव्हतं आणि आईशिवाय त्या नावाने कुणी हाकही मारत नव्हतं. घरात व्हिडिओ होते ढीगभर, पण त्यांत आई कायम हातात ट्रे घेऊन कुणाच्या तरी मागून जायची.

"येड लागलंय तुला," आई काल म्हणाली होती. "उद्या संध्याकाळी बघू. घशाला जरा आराम पडू दे."

लेक फोन ग्लासाला टेकवून उभा करत होती, तेवढ्यात मामा आले. आईचे धाकटे भाऊ. ऑपरेशनचा सगळा खर्च ते करणार होते.

"काउंटर बंद व्हायच्या आत पैसे भरून टाकतो," मामा म्हणाले. "त्याआधी एक छोटंसं काम. ताई, कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोल. आपल्या घरच्या ग्रुपवर टाकतो. मागे कोण काय काय बोललं ते ठाऊक आहे ना तुला? बहिणीला वाऱ्यावर सोडली म्हणे. आणि उद्यानंतर तू बोलणार कशी?"

"मामा, डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका म्हणून सांगितलंय," लेक म्हणाली. "मी लिहिते ना, आई सही करेल."

"लिहिलेलं कोण वाचतं गं?"

आईने लेकीकडे बघितलं आणि ती उठून बसली.

सलाईनचा स्टँड मध्ये येत होता. मामांनी तो लेकीला बाजूला धरायला लावला आणि स्वतःचा फोन समोर धरला.

"माझ्या भावाने आणि भावजयीने..."

"भावजय नको. वहिनी म्हण. धाकटी असली तरी तिलाही बरं वाटतं. आणि आधी वहिनी, मग मी. आणि हे हातबित जोडू नकोस, आपण काय परके आहोत?"

दुसऱ्या खेपेला आवाज अर्ध्यावर खाली गेला. "जरा मोठ्याने," मामा म्हणाले, "आणि जरा हसून. रडतेयस की काय असं वाटतं."

पुढच्या खेपेला आईला ठसका लागला. डोळे भरले, हात बाजूला चाचपडला आणि तोंडातून निघालं, "ठमे, पाणी." खरखर मध्येच कुठे गेली कोण जाणे. स्वयंपाकघरातून यायचा तस्साच आवाज, हुकमी, थोडा वैतागलेला.

"अगं, इतकं छान चाललं होतं," मामा म्हणाले. "चल, परत."

लेकीने पाणी पाजलं आणि स्टँड पुन्हा धरला.

शेवटी एकदाचं जमलं. वहिनीने आणि भावाने मला दुसरा जन्म दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, असं आई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाली. मामांनी तो व्हिडिओ आधी मामींना पाठवला. "तिने एकदा बघितला की ग्रुपवर टाकतो, की लगेच काउंटर."

आईने लेकीच्या फोनकडे बोट केलं. लेकीने घाईघाईने तो सुरू केला. आईने ओठ ओले केले, मान जरा पुढे काढली. "ठ..." नुसती हवा आली.

"आता गप्प बस बरं, ताई," मामा मायेने म्हणाले. "आवाज राखून ठेव. परत घ्यावं लागलं तर?"

आईने तोंड मिटलं.

मग लेकीला आठवलं. "मामा, तो मधला व्हिडिओ, ठसका लागला तो. तेवढा मला पाठवाल?"

"तो खराब झालेला? तो तिथल्या तिथे उडवला. तुझ्या आईला तशा अवस्थेत कुणी बघावं असं मला नाही वाटत."

तेवढ्यात मामांच्या फोनवर मामींचं उत्तर आलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आधी मनात वाचलं, मग मोठ्याने.

"ताईंचं 'वहिनी' नीट ऐकू येत नाहीये."

मामांनी घड्याळाकडे बघितलं.

आईनेच उशी पाठीशी ओढून घेतली. केस कानामागे सारले, हनुवटी वर केली आणि लेकीला खूण केली, स्टँड बाजूला घे.