आंबिलीची बिंदगी

स्वयंपाक आपला आपणच करायचा, अशा बोलीवर मुलाने स्कॉटलंडमधले घर सुट्टीपुरते भाड्याने घेतले होते. आळंदहून आलेल्या नागूबाईंनी ट्रंकेतून ज्वारीचे पीठ आणि पितळी बिंदगी काढली, तसा तो हसला. “आई, एवढी घागर कामून आणलीस विमानातून?” “उद्या येळवस हाय, रान पुजायची अमावस्या. आंबील रानात कशात न्यायची, तुझ्या टोपीत?” मुलाच्या बायकोला, हेलनला, त्यांनी पाच वर्षांत एकदाही सून म्हटले नव्हते. बिंदगी डोक्यावरून नेण्याचा मान मात्र सुनेचाच. सकाळी त्यांनी शालीची चुंबळ वळून हेलनच्या डोक्यावर ठेवली, वर भरलेली बिंदगी चढवली. बर्फाळ रानात तिचा पाय घसरला, आंबील सांडली. ती भेदरून थांबली. “सांडू दे. रानात शिंपडायचीच असती ती. चल, सूनबाई,” त्या म्हणाल्या. आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे चाललेल्या नागूबाई पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागून चालू लागल्या.