नातं: मुलगा

"तुमचं पूर्ण नाव सांगा," साहेब म्हणाले.

फिटरने न अडखळता सांगितलं. पाच वर्षांत ते नाव त्याच्या जिभेवर चांगलंच रुळलं होतं. अडचण एवढीच, की ते त्याचं नव्हतं.

साहेबांनी नाव लिहून घेतलं नाही. नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं लटकत होतं. नेहमीचा कारकून येणार होता, पण ही फाइल या साहेबांनी मुद्दाम मागून घेतल्याचं खाली नर्सने सांगितलं होतं. तेव्हापासून फिटरचं धाबं दणाणलं होतं.

साहेब भत्ता कचेरीतून आले होते. म्हाताऱ्याला हॉस्पिसमध्ये आणून आज सत्तावीस दिवस झाले. तिथे उपचार नसतात, फक्त त्रास कमी करतात. अठ्ठाविसाव्या दिवशी घरी सांभाळण्याचा भत्ता बंद होतो आणि सोबतीचा सुरू होतो. त्याबरोबर खोलीत रात्रंदिवस राहायची परवानगी मिळते. पण ती रक्ताच्या नातेवाइकालाच, आणि तीही कचेरीच्या माणसाने येऊन खात्री केल्यावर.

भत्ता गेला असता तरी चाललं असतं. पाने-पकड हातात असली की फिटर कुठेही उपाशी मरणारा नव्हता. पण म्हाताऱ्याने त्याच्याकडून शब्द घेतला होता, "मला परक्यांत मरू देऊ नकोस." आणि कागदोपत्री बघायला गेलं तर सगळ्यांत परका हाच!

सहा वर्षांपूर्वी तो म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला गेला होता. नळ दहा मिनिटांत झाला, म्हाताऱ्याचं बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. पुढे म्हाताऱ्याच्या कमरेचं हाड मोडलं आणि फिटर राहायलाच आला. भत्त्याची शक्कल म्हाताऱ्याचीच. मुलगा सव्वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. "त्याचा जन्मदाखला पेटीत पडलाय," म्हातारा म्हणाला होता. "कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

खुर्ची पुढे केली तरी साहेब बसले नाहीत. पलंगाच्या पायथ्याशीच उभे राहिले.

"यांना दिसतं का?"

"उजेड तेवढा कळतो. माणूस आवाजावरून ओळखतात."

त्यानंतर साहेब एकदम हळू बोलायला लागले. झोपलेल्या माणसाची एवढी कदर करणारा सरकारी माणूस फिटरने जन्मात पाहिला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"रात्री सोबत कोण असतं?"

"मीच. काका रात्री..." फिटरने जीभ चावली. "बाबा रात्री दचकून उठतात."

साहेबांनी ते ऐकलं. ऐकलंच. भुवई जराशी हलली. ते काही बोलले असते तर फिटरला बरं वाटलं असतं.

"उठून काय म्हणतात?"

"माझं नाव घेतात. मी ओ देतो."

"दरवेळी?"

"दरवेळी. हाक मारल्यावर कुणीतरी ओ द्यायला नको का?"

साहेबांनी कागद उलटसुलट केले. मग विचारलं, "लहानपणी हे तुम्हाला मारायचे?"

हा कुठल्या फॉर्मातला प्रश्न? सापळाच हा, फिटरने ओळखलं. पण या गोष्टीत त्याला कुणी पकडू शकत नव्हतं. म्हाताऱ्याने ती त्याला शंभर वेळा ऐकवली होती.

"एकदाच मारलं. पट्ट्याने. परीक्षेची फी सिनेमात उडवली असं वाटलं त्यांना."

"आणि उडवली नव्हती?"

"नाही हो! माझ्या कोटाचा खिसा फाटका होता. पैसे खाली अस्तरात जाऊन बसले होते. दोन महिन्यांनी कोट उसवला तेव्हा सापडले यांना."

"सापडले?" साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. "यांना कळलं होतं?"

"कळून काय उपयोग? तोवर..." तोवर मुलगा गेला होता, हे वाक्य फिटरने महत्प्रयासाने गिळलं. "तोवर मारून झालं होतं. तो पट्टा त्यांनी त्याच दिवशी जाळला. अजून रडतात त्यावरून. माफ केलंस का, म्हणून विचारतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"केलं म्हणून सांगतो. दुसरं काय सांगणार?"

साहेब खिडकीकडे वळले. त्यांची फक्त पाठ दिसत होती. आता हा पोलिसांना बोलावणार, फिटरच्या मनाने घेतलं. तुरुंगाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती म्हाताऱ्याची होती. आज रात्री त्याने हाक मारली तर?

"साहेब," तो म्हणाला, "खरं सांगायचं तर मी..."

"नका सांगू."

"अहो, पण..."

"नका सांगू म्हटलं ना." साहेब पलंगाजवळ आले आणि म्हाताऱ्याच्या उघड्या पडलेल्या पावलांवर पांघरूण ओढलं. माणूस जिवंत आहे की नाही तेही तपासतोय, फिटरला वाटलं. मग साहेबांनी उभ्याउभ्याच फॉर्म भरला, दोन ठिकाणी शिक्का मारला आणि एक प्रत त्याच्या हातात कोंबली.

"रात्री ओ देत जा," ते म्हणाले आणि मागे न बघता निघून गेले.

फिटरने कागद उजेडात धरला. नातं: मुलगा. प्रत्यक्ष भेटून खात्री केली. शेवटपर्यंत सोबत राहण्यास परवानगी. त्याच्या जिवात जीव आला. खाली डाव्या बाजूला सोबत राहणाऱ्याचं संपूर्ण नाव होतं, उजव्या बाजूला सही आणि सहीखाली अधिकाऱ्याचं संपूर्ण नाव.

दोन्हीकडे एकच नाव होतं.